आठ दिवस थोमा घरातच होता

वाचकाचे पत्र

“ताई, सलाम. मी इंदूरच्या एका लहान मराठी ख्रिस्ती मंडळीच्या पंचकमिटीचा गेली अकरा वर्षे सचिव आहे. माझे आजोबा १९०० च्या दुष्काळात पोरके होऊन नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या अनाथाश्रमात वाढले, पुढे गिरणीत फिटर म्हणून इंदूरला आले आणि इथलेच झाले. आमच्या यादीवर बासष्ट कुटुंबे आहेत, पण रविवारच्या उपासनेला पस्तिसाच्या वर माणसे नसतात, आणि त्यांतली तीस माझ्या वयाची किंवा माझ्याहून मोठी. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात बाहेरून आलेल्या वक्त्यांनी सांगितले, की आजची पिढी ‘उत्तर-आधुनिक’ आहे, तिला जुनी उपासना पटत नाही, सेवाकार्याची पद्धत बदला. आम्ही ठराव करून ड्रमसेट, प्रोजेक्टर आणि रंगीत दिवे घेतले. एक लाख ऐंशी हजार रुपये खर्च झाले. तरुण तीन रविवार आले. चौथ्या रविवारी ड्रम वाजवणारा मुलगाही आला नाही. आता अर्धी कमिटी म्हणते, अजून बदला. उरलेली म्हणते, जगाच्या मागे धावणे हाच अविश्वास आहे. माझा स्वतःचा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, विजयनगरमध्ये नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याचा जिवलग मित्र बायपासवरच्या अपघातात गेला. पाळकसाहेब घरी आले, ‘यामागे देवाची योजना असते’ असे म्हणाले आणि प्रार्थना करून गेले. तेव्हापासून मुलगा देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आलेला नाही. मी रागावलो तेव्हा म्हणाला, ‘बाबा, तुम्हाला उत्तर आधीच माहीत असते, म्हणून तुम्ही प्रश्न ऐकतच नाही.’ या पिढीसाठी मंडळीने नेमके काय बदलावे? आणि ईस्टरला मी त्याला आग्रह करून आणावे का?”

उत्तर

बंधू, सलाम.

तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तुमच्या मुलाचे आहे, आणि ते तुम्ही काटछाट न करता मला लिहून पाठवलेत, यावरून बाप-लेकांमधली वाट अजून बुजलेली नाही असे मी समजते. उत्तर आधीच ठरलेले असल्यामुळे प्रश्न ऐकला जात नाही, ही तक्रार ज्याला कळली त्याला उत्तर-आधुनिकता या बोजड शब्दाचा निम्मा अर्थ कळला. उरलेला निम्मा आधी सांगते, कारण शब्द उसना घ्यायचा आणि त्याच्या नावाने दिवे विकत आणायचे, हे तुमच्या एकट्या मंडळीच्या हातून झालेले नाही.

ज्याँ-फ्रान्स्वा ल्योतार या फ्रेंच विचारवंताने १९७९ साली लिहिले, की महाकथांवरचा अविश्वास हे उत्तर-आधुनिक मनाचे लक्षण आहे. महाकथा म्हणजे सगळ्या जगाचा आणि सगळ्या काळाचा अर्थ एकाच सूत्रात बसवणारी कथा: विज्ञानाने माणूस सुखी होईल, कारखान्यांनी दारिद्र्य जाईल, इतिहास अमुक दिशेनेच चालला आहे. इंदूरच्या माणसाला हे समजून घ्यायला फ्रेंच ग्रंथ उघडण्याची गरज नाही. ज्या शहरात गिरणीचा भोंगा हेच घड्याळ होते, त्या शहरात हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांना त्यांचे देणे मिळायला डिसेंबर २०२३ उजाडले. ही ३२ वर्षे ज्या घरांनी काढली, त्या घरांतल्या नातवंडांना ‘संस्थेवर विश्वास ठेव, ती तुझे पाहील’ असे सांगून पाहा. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) मात्र अजूनही निघतात आणि लोक रात्र जागवून त्या पाहतात. भोंगा गेला, झांकी राहिली. मोठ्या आश्वासनावरचा विश्वास आटला तरी एकत्र जमून कथा पाहण्याची भूक आटली नाही, हे मला फार सूचक वाटते, आणि पुढे जे लिहिणार आहे त्याचा बराचसा आधार या एका निरीक्षणावर आहे.

आता आपल्या मंडळ्यांकडे पाहू. मराठी मुलखात प्रॉटेस्टंट सुवार्ताकार्य, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश पोचवण्याचे काम, आले ते ऐन आधुनिकतेच्या काळात, आणि तिचाच पोशाख घालून. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचा हिंदू पंडित मोरभट दांडेकरांशी जाहीर वाद मुंबईत १८३१ साली झाला. हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या विष्णुबावा ब्रह्मचारी यांच्याशी मिशनऱ्यांचे समुद्रकिनाऱ्यावर झडलेले वाद १८५७ सालचे. प्रमाणे मांडायची, खंडन करायचे, सिद्ध करून दाखवायचे आणि प्रतिपक्षाला निरुत्तर करायचे, अशी ती रीत होती. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी १८७७ साली इंदूरला आले तेही शाळा आणि छापखाना यांच्यावर भरवसा ठेवणारे लोक होते. त्यांच्या कष्टांवर माझ्यासारख्या किती बायका शिकल्या हे मी जाणते, त्यामुळे हे अनादराने लिहीत नाही. पण त्या काळातला वादपटू व्यासपीठावरून गेला आणि त्याची बोलण्याची ढब तेवढी आपल्या पुलपिटावर राहिली. आजही बहुतेक संदेश तीन मुद्दे, त्यांना वचनांचे पुरावे आणि शेवटी बिनतोड निष्कर्ष अशा घडणीचे असतात. ज्याच्याशी वाद घालायचा तो प्रतिपक्ष मात्र समोर बसलेला नसतो. तुमचा मुलगा वाद घालत नाही आणि हरतही नाही. तो बोट फिरवून पुढच्या गोष्टीकडे जातो.

एक सावधगिरी इथेच नोंदवते. पाश्चात्त्य देशांत या विषयावर जे लिहिले गेले, ते अशा समाजांत लिहिले गेले जिथे चर्च हीच शतकानुशतके प्रस्थापित सत्ता होती आणि तिच्या सावलीतून बाहेर पडणे हा लोकांचा अनुभव होता. आपण मूठभर माणसे. आपल्या मुलांनी शेजारच्या घरातली आरती, मोहरमची सवारी आणि जैन मैत्रिणीचे पर्युषण हे सगळे लहानपणापासून पाहिले आहे. अनेक श्रद्धांच्या शेजारात वाढणे आपल्याकडे कोणाला नवे नाही. नवे आहे ते एवढेच, की आता निवड ज्याची तो करतो आणि त्यासाठी घराची, जातीची, मंडळीची परवानगी लागते असे त्याला वाटत नाही. सकाळी ध्यानाचे अ‍ॅप, परीक्षेआधी मित्रांबरोबर खजराण्याचा गणपती आणि रात्री बंगळुरूच्या कोणा प्रवचनकाराचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा, हे सगळे एकाच मुलाच्या एका दिवसात मावते आणि त्यात त्याला विसंगती दिसत नाही. तिकडे पाश्चात्त्य देशांत १९९० नंतरच्या काळात काही मंडळ्यांनी पुलपिट काढून सोफे मांडले, मेणबत्त्या लावल्या, संदेशाऐवजी चर्चा ठेवली. त्यातले बरेच गट पुढे विरून गेले. सोफा वाईट नव्हता. पण घराबाहेर काढायचे काय आणि जपायचे काय, याचा निवाडा त्यांच्यापैकी अनेकांना शेवटपर्यंत जमला नाही.

तुमच्या ड्रमसेटचेही तेच झाले असावे असा माझा अंदाज आहे. गाण्याची चाल बदलली, पण कोण बोलणार, कोण ऐकणार, कोण ठरवणार आणि कोण फक्त टाळ्या वाजवणार ही वाटणी जशीच्या तशी राहिली. तरुणांनी तीन रविवारांत ते ओळखले. तुम्ही पत्रात खर्चाचा आकडा लिहिलात, ठरावाचा उल्लेख केलात, पण ठरावाआधी कोणत्या तरुणाला काय विचारले त्याबद्दल एक ओळही नाही. विचारलेच नसेल, तर बदल करायला सुरुवात तिथून करावी लागेल.

कमिटीतल्या ज्या मंडळींना भीती वाटते, की असे बदलत गेलो तर शेवटी ‘तुझे सत्य तुला, माझे सत्य मला’ एवढेच उरेल, त्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. प्रभू उठला आहे ही गोष्ट आपल्यापुरती खरी आणि शेजाऱ्यापुरती खोटी, असे म्हणता येत नाही. ती घडली किंवा घडली नाही. पण सत्य आणि सत्यावरची आपली पकड या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्रेषित पौलाने स्वतः करिंथकरांना लिहिले, की आता आपल्याला आरशात पाहिल्यासारखे अस्पष्ट दिसते आणि आपले ज्ञान अपुरे आहे. हे ज्याने लिहिले तो अथेन्समध्ये कसा वागला ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात आहे. तो आधी शहरातून हिंडला, त्यांची पूजास्थाने निरखून पाहिली, ‘अज्ञात देवाला’ अशी अक्षरे असलेली वेदी त्याला सापडली, आणि अरीयपग या टेकडीवर उभे राहून त्याने त्यांच्याच कवींच्या ओळी वापरल्या. पुनरुत्थानाची गोष्ट मात्र त्याने गाळली नाही. ती ऐकून काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधी ऐकू, आणि थोडे जण त्याला येऊन मिळाले. म्हणजे भाषा त्यांची घेतली, गाभा आपला ठेवला, आणि श्रोत्यांपैकी बहुतेकांनी पाठ फिरवली तरी सभा फसली असे मानले नाही. रविवारच्या हजेरीवरून सेवाकार्य मोजणाऱ्या आपल्या सगळ्यांनी या शेवटच्या गोष्टीपाशी थोडे थांबावे.

लेस्ली न्यूबिगिन यांचे नाव तुमच्या पाळकसाहेबांना माहीत असेल. तमिळनाडूत आयुष्याचा मोठा भाग सेवेत घालवलेले, दक्षिण भारत मंडळीचे हे बिशप १९७४ साली मायदेशी इंग्लंडला परतले, तेव्हा सुवार्तेसाठी भारतापेक्षा इंग्लंडची भूमीच कठीण झाल्याचे त्यांना आढळले. अनेक वर्षांच्या विचारानंतर त्यांनी जे मांडले त्याचा आशय असा, की शंकेखोर जगाला सुवार्तेचा अर्थ उलगडून दाखवू शकेल असे एकच भाष्य आहे, आणि ते म्हणजे सुवार्तेवर विश्वास ठेवून तिच्याप्रमाणे जगणारी मंडळी. युक्तिवादाची जागा अशा वेळी माणसांचे एकमेकांशी वागणे घेते. तुमच्या पस्तीस माणसांकडे प्रोजेक्टर असो नसो, हे भाष्य लिहिण्याइतकी माणसे ती नक्कीच आहेत.

त्याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. सिस्टर राणी मारिया उदयनगरच्या भागात भूमिहीन शेतमजुरांबरोबर काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच आहेत, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याला क्षमा केली, तो पश्चात्तापाने बदलला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरलाच राणी मारियांना धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित करण्यात आले. त्या कॅथलिक, आपण प्रॉटेस्टंट, म्हणून ही कथा आपल्या देवळांत सहसा सांगितली जात नाही, आणि हा कद्रूपणा आता सोडायला हवा. ज्या मुलाला क्षमेवरचा चाळीस मिनिटांचा संदेश सोसवत नाही, त्याला त्या राखीबद्दल सांगा आणि नंतर काही बोलू नका; स्पष्टीकरण जोडण्याचा मोह आवरा.

इथे कथेचा मुद्दा येतो. वक्त्यांनी तुम्हाला बहुधा सांगितले असेल, की नव्या पिढीला सिद्धांतापेक्षा कथा भावते. मराठी ख्रिस्ती माणसाला हे शिबिरात जाऊन शिकावे लागावे याचे मला जरा हसू येते. इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराण छापले ते ओवीत. नारायण वामन टिळक ख्रिस्ताकडे तुकारामांच्या पुलावरून आलो असे म्हणत; त्यांनी अभंग लिहिले, कीर्तने केली. त्यांच्या वाटेची सुरुवात सभेत झाली नव्हती. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी गप्पा झाल्या, त्याने नव्या कराराची प्रत दिली, आणि डोंगरावरील प्रवचनाशी ते थबकले. बाप्तिस्मा झाला तो १८९५ च्या फेब्रुवारीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यानंतर आणखी पाच वर्षे लागली. सोवळेओवळे, राग, विरह, मग एकत्र राहणे आणि हळूहळू एकेक गाठ सुटणे, असे ते सगळे घडले, आणि त्यांना कोणी वादात जिंकून घेतले नाही. शेवटी, १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोघांनाही जागा होती. आधी आपले म्हणून घ्या, विश्वास त्याच्या गतीने येऊ द्या, असे आज पाश्चात्त्य पुस्तके सांगतात. ते आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी करून पाहिलेले आहे.

म्हणून ड्रमसेट विकू नका, पण त्याच्या शेजारी टाळ-मृदंग आणि पेटी आणा, आणि महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी कीर्तन करा. मी हे जुन्याच्या हौसेने सुचवत नाही. कीर्तनकार श्रोत्यांच्या पातळीवर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा असतो. पूर्वरंगात एक अभंग घेऊन तो उलटसुलट तपासतो, स्वतःची फजिती सांगून हसवतो, श्रोत्यांना प्रश्न विचारतो, आणि उत्तररंगात एका माणसाची गोष्ट सांगतो. निष्कर्ष ठोकून सांगण्याआधी तो पद म्हणतो. इंदूरच्या मराठी वस्तीत रामनवमीला कीर्तन ऐकलेला कोणीही हे ओळखेल, आणि तुमच्या तरुणांचे हिंदीभाषक मित्रही त्यात रमतील. पाळकसाहेबांना गाता येत नसेल तर आनंदच आहे, कारण मग ते काम एखाद्या बाईकडे किंवा कॉलेजातल्या मुलीकडे जाईल.

आता मी माझीच चूक दाखवते. वर मी टिळकांची गोष्ट सांगितली, आणि संधी मिळाली असती तर पंडिता रमाबाईंची, बाबा पदमनजींची सांगितली असती. आपण सगळे हेच करतो. नावाजलेल्या घरांतून आलेल्या मोजक्या माणसांची चरित्रे आपण मंडळीचा इतिहास म्हणून गिरवतो, आणि देवळात बसलेली बहुतेक कुटुंबे ज्या महार-मांग वस्त्यांतून, ज्या दुष्काळी खेड्यांतून आली, त्यांच्या आजी-आजोबांची गोष्ट कोणी उभे राहून सांगत नाही. महाकथेवर विश्वास नसलेल्या पिढीला हेच खटकते: मोठी कथा सांगताना कोणाची लहान कथा गिळली?

तुमच्या आजोबांचे तुम्ही एका वाक्यात सांगून टाकलेत. दुष्काळात पोरके झालेले ते मूल मिशनच्या दारात आले ते पापक्षमेचा सिद्धांत पटला म्हणून नव्हे, भाकरीसाठी आले. ‘भाकरीसाठी बाटले’ हा टोमणा तुमच्या वडिलांनी ऐकला असेल, तुम्हीही ऐकला असेल, आणि त्याच्या लाजेने ती गोष्ट घरात दबक्या आवाजात सांगितली जात असेल. माझी विनंती आहे, की ती आता मोठ्याने सांगा. पोट खपाटीला गेलेले मूल, त्याला वाडग्यात पेज देणारी कोणी अनोळखी बाई, त्या आश्रमात त्याला मिळालेले नाव आणि शिस्त, तिथे खाल्लेला मारही असेल तर तोही. मग गिरणीतली पाळी, इंदूरची पहिली खोली, आणि कधीतरी, कुठल्या वर्षी कोणास ठाऊक, भाकरी देणाऱ्याची ओळख पटणे. यात फुशारकी नको, मिशनची भलामण नको, लपवाछपवीही नको. अशी खरी, ओबडधोबड साक्ष ऐकायला तुमचा मुलगा थांबेल असे मला वाटते, कारण त्या गोष्टीचे उत्तर तुम्हालाही आधी माहीत नाही. मंडळीतल्या बासष्ट घरांतून अशा बासष्ट गोष्टी जमवण्याचे काम तरुणांकडे सोपवा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून, आजीबाईंची संमती घेऊन. तुमच्या पिढीने फक्त बोलायचे, त्यांनी विचारायचे. नेहमीच्या उलट.

भाकरीवरून पुढचे आठवले. सराफ्यात दिवसा सोनेचांदी विकली जाते आणि रात्री दुकाने बंद झाली, की त्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडू घ्यायला गर्दी लोटते. एकाच जागेला दोन आयुष्ये. तुमचे देऊळ मात्र रविवारी तीन तास उघडते आणि एरवी कुलपात असते. भंवरकुव्याच्या भागात स्पर्धापरीक्षांसाठी गावोगावची मुले एकेका खोलीत एकटी राहतात. त्यांतली काही आपल्या मंडळ्यांतलीही असतात आणि त्यांचा पत्ता कोणालाच नसतो. बुधवारी संध्याकाळी देवळाचा हॉल उघडा, पंखे लावा, अभ्यासाला टेबले मांडा, आणि आठ वाजता जे कोणी असतील त्यांनी मिळून साधे वरणभात-पोळी खावी. जेवताना कोणीही काहीही विचारू शकेल, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला माहीत नाही तिथे ‘माहीत नाही’ असे म्हणण्याची मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना मुभा असेल.

यात एक गोष्ट काटेकोरपणे पाळा. मध्य प्रदेशात २०२१ चा धर्म स्वातंत्र्याचा कायदा लागू आहे. प्रलोभनाने धर्मांतर करवणे हा त्यात गुन्हा आहे, प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू व भौतिक लाभ येतात, आणि धर्म बदलू इच्छिणाऱ्याला ६० दिवस आधी जिल्हा प्रशासनाला कळवावे लागते. त्या जेवणाला कोणताही छुपा हेतू चिकटवू नका, उपस्थितांची यादी करून मिशनच्या अहवालात छापू नका, आणि अहवालासाठी फोटो काढू नका. कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. ताटाखाली आमिष आहे, असा संशय आला की ही पिढी उठून जाते, आणि तिचे बरोबरच असते.

हिशेबाबद्दल थोडक्यात. चर्चच्या जमिनी, भाडी आणि खटले यांच्या बातम्या तरुण वाचतात. दर तीन महिन्यांनी जमाखर्च सूचनाफलकावर लावा, ड्रमसेटच्या पावतीसकट, आणि पंचकमिटीत पंचविशीच्या आतली दोन माणसे मतदानाच्या हक्कासह घ्या. भाषेचेही असेच: घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या मुलांना जुन्या भाषांतरातले कितीतरी शब्द कळत नाहीत, तेव्हा वाचन दोन्ही भाषांत होऊ द्या आणि संदेश वीस मिनिटांत संपवा. मराठी गीते मात्र सोडू नका. त्यांतले अनोळखी शब्द गाण्याआधी कोणी एकाने उलगडून सांगितले म्हणजे झाले.

आता मुलाबद्दल, ज्याच्यासाठी बाकीचे सगळे तुम्ही विचारलेत असा मला संशय आहे.

पाळकसाहेब वाईट हेतूने बोलले नाहीत. शोकाच्या घरात गप्प बसणे आपल्याला कोणी शिकवलेले नसते, म्हणून तोंडाला येते ते वाक्य आपण बोलून जातो. पण बायबलमधल्या शोकग्रस्त ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते, आणि तेवढेच दिवस ते बरोबर वागले. देवाची योजना समजावून सांगायला लागल्यावर त्यांचे बिघडले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. स्तोत्रसंहितेतले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र काढून वाचा. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. शेवटी आशेची ओळ जोडावी असे संकलन करणाऱ्यांना वाटले नाही. असे स्तोत्र पवित्र शास्त्रात आहे, पण आपल्या उपासनेत ते वर्षातून एकदाही वाचले जात नाही. मित्राच्या मृत्यूला वर्ष होईल त्या दिवशी, मुलगा तयार असेल तर, त्याच्या चार मित्रांना घरी बोलवा, ते कोणत्याही धर्माचे असोत. हे स्तोत्र वाचा, त्या मुलाच्या आठवणी त्यांना सांगू द्या, आणि प्रार्थना तुम्ही न करता ज्याला करावीशी वाटेल त्याला करू द्या. कोणालाच वाटली नाही तर चहा करा. पाळकसाहेबांना बोलवायचे की नाही, हे मुलाला ठरवू द्या. आणि ते आले तर त्यांनी फक्त बसावे, एवढे त्यांना आधी एकांतात सांगायला सचिव या नात्याने तुम्हाला संकोच वाटू नये.

ईस्टरचा आग्रह करू नका. योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात येशूचा शिष्य थोमा म्हणतो, की खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय मी विश्वास धरणारच नाही, आणि लगेच पुढच्या ओळीत आठ दिवसांनंतरचा प्रसंग येतो: शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. मधल्या आठ दिवसांबद्दल योहान काही लिहीत नाही. बाकीच्या दहांनी प्रभूला पाहिले होते, ते आनंदात असणार, आणि त्यांच्यात बसून हा एक माणूस रोज ‘मला पटत नाही’ म्हणत जेवत होता. त्यांनी त्याला बाहेर काढले नाही, तोही रुसून गेला नाही. मला वाटते, मंडळीने काय बदलावे या तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या न लिहिलेल्या आठ दिवसांत आहे; पण तुमच्या घरात ते आठ महिने चालतील की आठ वर्षे, हे मी सांगू शकत नाही, तुम्हीही मुलाला विचारू नका.

ईस्टरच्या सकाळी नेहमीप्रमाणे पहाटेच्या उपासनेला जा. निघताना त्याच्या दारावर टकटक करू नका. परत आल्यावर त्याच्या आवडीचा नाश्ता सगळ्यांनी मिळून करा, आणि त्याने ‘कशी झाली उपासना’ असे विचारले, तर जशी झाली तशी सांगा. कंटाळवाणी झाली असेल तर तसेही.